काठावरच्या पेशी

इग्नेशियस गेल्याचा फोन स्नेहलने केला. डोंबिवलीत मानपाड्याला असलेल्या एका खासगी प्रयोगशाळेत ती त्याच्या हाताखाली काम करत होती. "सर सकाळी गेले," ती म्हणाली. "प्लेट अजून इन्क्युबेटरमध्येच आहे. उद्या बघायची होती." तेव्हा ते वाक्य अस्थानी वाटलं. आज पाच आठवड्यांनी तसं वाटत नाही.

इग्नेशियस बाळकुमच्या ख्रिस्ती शेतकरी घरातला. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढे तो रसायनशास्त्राकडे गेला, मी वर्तमानपत्रात आलो. त्याचं काम त्याने मला अनेकदा समजावलं. शरीरातली पेशी बिघडली की ठरल्या क्रमाने स्वतःला संपवते. कर्करोगाची पेशी तो आदेश अडवून धरते आणि वाढत राहते. हा अडथळा काढणारा रेणू तो रचत होता. "मारायचं काय रे, फिनाइलने पण मरतात," तो म्हणायचा. "तिने स्वतःहून मरायला पाहिजे, शेजारणीला धक्का न लावता."

दीड वर्षापूर्वी त्यालाच लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कर्करोग झाला. केमोसाठी तो ठाण्याला यायचा आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायचा. हे औषध आपल्यापर्यंत पोचणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. "दहा वर्षं लागतात. मी कुठला तेवढा थांबतोय?" हे सांगताना तो हसला. मला हसता आलं नाही.

मार्चमध्ये रेणूने काम केलं. प्लेटमधल्या छोट्या खळग्यांत कर्करोगाच्या पेशी वाढवून त्याने औषध घातलं होतं; सर्वांत जास्त मात्रेच्या रांगेतल्या जवळपास सगळ्या पेशी मेल्या. पैसे पुरवणाऱ्या कंपनीची माणसं सोमवारी येणार होती; निकाल नसता तर प्रकल्प बंद होणार होता. रविवारच्या अंकासाठी मी बातमी लिहून ठेवली. शनिवारी दुपारी त्याचा फोन आला.

"पेपरवाल्या, छापू नको."

"पान लागलंय रे."

"मग काढ. ट्रेमध्ये पाणी नव्हतं."

इन्क्युबेटर म्हणजे पेशी उबेत वाढवायची पेटी. तिच्या तळाशी पाण्याचा ट्रे असतो. त्याने आतली हवा दमट राहते. ट्रे कोरडा पडला की प्लेटच्या काठावरच्या खळग्यांतला द्रव आधी आटतो आणि तिथल्या पेशी औषधाशिवायही मरू शकतात. जास्त मात्रेची रांग नेमकी काठावर होती. तुलनेसाठीच्या, औषध न दिलेल्या पेशी मधोमध. "केमोच्या गडबडीत भरायचा राहिला. मीच विसरलेलो," तो म्हणाला. "आता त्या औषधाने मेल्या की तहानेने, कोण सांगणार?"

"कोणाला कळलं असतं?"

"केमोला माझ्या शेजारच्या खाटेवर एक बाई असते. तुझा पेपर वाचते."

बातमी काढली. सोमवारी त्याने पाहुण्यांना चूक सांगितली. त्यांनी एक महिना दिला. नवीन प्लेटमध्ये जास्त मात्रा मधल्या खळग्यांत गेली, काठावर नुसतं पाणी. ती इन्क्युबेटरमध्ये ठेवून तो रुग्णालयात दाखल झाला. तिथून स्नेहलला दिवसातून चार वेळा फोन जायचा. "ट्रे बघितलास? हात घालून बघ गं, नुसतं दारातून नको." शेवटच्या आठवड्यात आवाज उमटत नव्हता, तरी फोन यायचा. ती आपणहून सांगायची, "आहे सर, भरलेला आहे."

मागच्या शुक्रवारी मी प्रयोगशाळेत गेलो. स्नेहलने निकाल दाखवला. मधल्या खळग्यांतल्या पेशी मेल्या होत्या. मार्चइतक्या नाहीत, साधारण निम्म्या. तेच औषध दिलेल्या शेजारच्या खळग्यांतल्या निरोगी पेशी जिवंत होत्या. महिना संपला होता. कंपनीचं उत्तर आलेलं नव्हतं.

"म्हणजे चालतंय?" मी विचारलं.

"एकदाच केलंय. सर म्हणाले असते, अजून दोनदा कर, मग बोल."

तिने नोंदवही मिटण्यापूर्वी मी पान पाहिलं. आकडे तिच्या अक्षरात, खाली तिची सही. त्याखाली 'तपासणारा' असं छापलेलं, पुढची जागा, जिथे इग्नेशियस सही करायचा, कोरी. त्याच्या जागी नवे प्रमुख येऊन दोन आठवडे झाले होते. त्यांच्याकडे ते पान तिने अजून नेलेलं नव्हतं.