आधी सांगायचं, मग व्हायचं

सॅमला एखादी गोष्ट येत नाही असं कधीच नसे. काही गोष्टी त्याला अजून यायच्या असत, एवढंच.

आयर्लंडात, ॲथलोनला वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात आम्ही सात वर्षं एका विभागात होतो. आता तो लिमरिकला असतो. संपत हे नाव त्यानं येतानाच्या विमानात सोडलं असावं. मला भेटला तेव्हा तो सॅम होता आणि प्रभात रोडचा होता. मी प्रभात रोडलाच वाढलो. "कितवी गल्ली?" मी विचारलं. "मधली," तो म्हणाला. पुढच्या सुट्टीत तो पुण्यात, प्रभात रोडलाच खोली घेऊन पंधरा दिवस राहिला आणि परत आल्यावर मलाच तिथले पत्ते सांगू लागला.

"आधी सांगायचं, मग व्हायचं," हा त्याचा नियम. आमचा साहेब पॅट शिडाची होडी चालवायचा. एकदा जेवताना सॅम सहज म्हणाला, "मीही चालवतो." मग सहा शनिवार भर पावसात तो सरोवरावर शिकवणीला गेला. दोनदा पाण्यात पडला. सातव्या शनिवारी त्यानं पॅटला होडीत बसवून बेटापर्यंत नेऊन आणलं. त्याचं खोटं फार दिवस खोटं राहत नसे. त्यासाठी तो मरमर राबायचा. आम्ही बाकीचे खरं बोलून होतो तिथंच होतो.

एकच गोष्ट अडली होती. वडील संगीताचे प्राध्यापक आहेत, असं त्यानं पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलं होतं. ते काही शिकवणी लावून खरं करता येत नव्हतं.

आणि वडील दोन महिन्यांसाठी आले. सातारा भागातलं गाव, डोक्यावर टोपी, अंगात सॅमचं जाकीट. तो त्यांना आबा म्हणे. मी भेटायला गेलो तर पहिल्याच चहाला आबा म्हणाले, "चाळीस वर्सं बँडात ट्रम्पेट वाजीवला. वराती. पाच जिल्ह्यांत." सॅम तेव्हा साखरेचा डबा कपाटात ठेवत होता. तो बराच वेळ ठेवत राहिला.

पॅटच्या निवृत्तीची मेजवानी सरोवराकाठच्या क्लबात, रविवारी दुपारी होती. आम्ही तिघं माझ्या गाडीतून निघालो. वाटेत सॅम म्हणाला, "आबा, मी इथं जरा वेगळं सांगितलंय. तुम्ही प्राध्यापक होता म्हणून."

आबांनी खिडकीबाहेरच्या मेंढ्या पाहिल्या. "बरं हाय की. पेन्शन तरी मिळाली असती."

क्लबात गावातले पाच-सहा वादक होते. पॅट म्हणाला, "प्राध्यापकसाहेब काही वाजवतील का?" सॅम तब्येतीचं काहीतरी सांगू लागला, पण आबांनी एकाच्या हातातला ट्रम्पेट घेऊन त्याची फुंकायची बाजू रुमालानं पुसलीही होती. त्यांनी वाजवलं ते वरातीचं होतं. कारखान्यातल्या आम्हा चार मराठी माणसांना ते पहिल्या सुरात कळलं. आयरिश माणसांना कळायचं कारण नव्हतं; ती नाचू लागली.

वाजवून झाल्यावर पॅट घाम पुसत आला. "यांनी कुठल्या कॉलेजात शिकवलं?"

सॅमनं आबांकडे पाहिलं. आबांना 'कॉलेज' एवढा शब्द समजला. "तुला काय सांगायचं त्ये सांग," ते म्हणाले. "मला कुटं कळतंय."

त्यांच्या बाजूनं अडचण अशी मिटली होती. सॅमनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "कॉलेजात नाही," तो पॅटला इंग्रजीत म्हणाला. "लग्नात वाजवायचे. रस्त्यावर, नवऱ्याच्या घोड्यापुढं. चाळीस वर्षं." कमावलेला आयरिश हेल त्या वाक्यांत औषधालाही नव्हता.

"ग्रँड," पॅट म्हणाला. "मग आणखी एक होऊ दे."

आणखी सहा झाली.

आबांना डब्लिनच्या विमानतळावर सोडायलाही मीच गाडी नेली. आत जायच्या आधी आबांनी सॅमच्या कॉलरवरचा दोरा काढला आणि म्हणाले, "लई चांगलं केलंस रं, संपत. पर सारकं काय ना काय व्हायचं म्हंजी... दमत आसशील."

सॅमनं त्यांची पिशवी त्यांच्या खांद्याला अडकवली. आबा रांगेत गेले आणि दिसेनासे झाले.

परतताना गाडी मोटरवेला लागली आणि दहा मिनिटांत सॅम झोपला. मान खिडकीला टेकलेली, तोंड उघडं. ॲथलोनचा फाटा आला. मी त्याला उठवलं नाही. तसाच पुढं, पार तासाभरावरच्या गॉलवेपर्यंत गेलो.