चार बोटं काच

डोळे मिटायचे नाहीत, असं मी स्वतःला बजावतेय. नुसतं डोकं मागे टेकायचं. दुपारचे चारही वाजलेले नाहीत, म्हणजे ही काही झोपायची वेळ नाही, आणि झोपायची जागा तर मुळीच नाही. मी गाडीत आहे, गाडी रस्त्याकडेच्या चरात आहे आणि चर बर्फाने भरलेला आहे.

झालं ते असं. कॅनडाच्या ज्या सपाट भागात आम्ही राहतो, तिथल्या एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात मी काम करते. घर तिथून चाळीस किलोमीटर. बरोबरची मार्लीन मला रोज तिच्या गाडीतून नेते-आणते, पण आज ती तापाने पडली. म्हणून आमची गाडी मी आणली, आणि आयुष्यात पहिल्यांदा बर्फातून एकटी हाकत घरी निघाले. लायसन ऑगस्टमध्ये मिळालंय. ऑगस्टमध्ये इथे कुणालाही गाडी येते. निम्म्या वाटेवर एक हरीण आडवं आलं, किंवा आल्यासारखं वाटलं, आणि मी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभी राहिले. गाडी भोवऱ्यासारखी फिरली आणि मागच्या अंगाने चरात जाऊन बसली. हरणाचा पत्ता नाही.

हेमंतला, म्हणजे नवऱ्याला, फोन केला. तो पोरीला घेऊन घरी आहे. त्याने गाडी ओढणाऱ्यांना फोन लावला, ते म्हणाले दीड तास लागेल. मग त्याने मला चारचारदा सांगितलं की बाहेर पडू नकोस, काचा नीट लाव, हीटर चालू ठेव. मीही हो म्हटलं. तो नाशिकचा, मी पोलादपूरची. आमच्या दोघांच्या खानदानात मिळून बर्फ पडलाय तो फक्त उसाच्या रसात.

तेव्हा काचा गच्च लावल्यात, हीटर पूर्ण वर नेलाय. हातमोजे ओले झाले म्हणून काढून ठेवलेत आणि हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून मांड्यांखाली दाबलेत. डोकं दुखतंय. रडल्यामुळे असेल. गाडीत आता गोधडीत असते तशी ऊब आहे, आणि मी डोळे मिटत नाहीये.

"काय गं वैजे, नाचलीस ना ब्रेकवर?"

शेजारच्या सीटवर तात्या बसलेत. माझे वडील. अंगात खाकी शर्ट, वरचं बटण तुटलेलं, खिशाला पेन. तात्यांना जाऊन परवा तीन महिने झाले. हे मला पक्कं ठाऊक आहे, अगदी आत्ता, त्यांच्याकडे बघतानासुद्धा ठाऊक आहे. आणि तरी माझ्या तोंडातून निघतं काय, तर तुम्ही स्वेटर का नाही घातला.

ते खाली वाकून पायाने काहीतरी चाचपतायत. मग माझ्या लक्षात येतं. इथल्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे. तात्या उजवीकडे बसलेत, आणि उजवीकडची सीट म्हणजे त्यांच्या हिशेबी ड्रायव्हरची.

"इथं तर काहीच नाही," ते म्हणतात. "ब्रेक नाही, क्लच नाही. कशी चालवू?"

"तुम्ही नाही चालवायची. मी चालवतेय."

"तू कुठं चालवतेस? तू बसून आहेस."

माझे तात्या, रघुनाथ उतेकर, एकोणतीस वर्षं एस.टी. चालवत होते, महाड डेपोला, आणि त्यातली बहुतेक वर्षं महाबळेश्वरच्या घाटात. गाडीला एक ओरखडा नाही. माझं लायसन आल्यावर मी नाचत त्यांना फोन केला होता, तर एवढंच विचारलं की घाट चढलीस का. मी म्हटलं, इथे घाट नाही, सगळं परातीसारखं सपाट आहे. मग एवढ्यात चालवायला आलं म्हणू नकोस, म्हणाले आणि फोन आईकडे दिला. मला इतका राग आला की पुढचे पंधरा दिवस मी आपण होऊन त्यांच्याशी बोलले नाही. सोळाव्या दिवशी दिगूदादाचा, माझ्या भावाचा फोन आला. तात्या झोपेतच गेले.

वायपर फिरतो. समोरची काच रुंद होत जाते, रुंद होत जाते, आणि मी बॉनेटवर बसलेय. एस.टी.त ड्रायव्हरशेजारी इंजिनावरचं ते गरम झाकण, त्यावर. दहा वर्षांची आहे मी. फ्रॉकखालून चटका बसतोय. बाहेर घाटातलं धुकं आहे, पांढरं, इतकं दाट की बर्फसुद्धा असेल. तात्यांचे हात चाकावर आहेत.

हे मी शंभरदा पाहिलंय. धुकं असो, पाऊस असो, थंडीने दात वाजत असोत, घाट लागला की तात्या शेजारची काच चार बोटं उघडायचे. अगदी मोजून. तळहात आडवा धरून, वरची कडा आणि काच यांच्यात चार बोटं बसली की झालं. मागून प्रवासी कुरकुरायचे, बायका पदर कानाभोवती घट्ट आवळायच्या, एकदा तर एक साहेब तक्रारीचं पुस्तक मागायला लागले. तात्या ऐकायचे नाहीत. घाट कानांनी चालवायचा असतो, म्हणायचे, समोरची गाडी दिसायच्या आधी ऐकू येते आणि आपलं इंजिन बिघडायच्या आधी सांगतं. मी माझी चार बोटं त्या फटीत घालून बघायची, तर वर जागा उरायची. तात्या हसायचे. तुझी नाही गं, ड्रायव्हरची चार बोटं.

आज काच बंद आहे.

मी नीट बघते. बंद. वरपर्यंत. असं कधी म्हणजे कधी होत नाही. मागे वळते. गाडी भरलेली आहे आणि सगळे झोपलेत. कंडक्टर झोपलाय. स्ट्रॉबेरीच्या पाट्या मांडीवर घेतलेल्या बायका झोपल्यात. माना पुढे पडल्यात, आणि सगळ्यांचे गाल लालबुंद, कुणीतरी रंग फासल्यासारखे. एकही घोरत नाही.

"तात्या, हे एवढे गाढ कसे झोपले?"

"काच कुणी लावली?" ते मलाच विचारतात.

"मी. थंडी वाजत होती."

गाडी थांबते. आम्ही उतरतो तर पायांखाली नदीतले गोटे लागतात. सावित्रीचा काठ आहे, पोलादपूरचा. दिगूदादा डोकं तासून बसलाय आणि समोर पिंड मांडलेत. तात्यांचा दहावा. त्याच्या हातात फोन आहे आणि फोनमध्ये मी आहे, अंगठ्याच्या नखाएवढी, रडून सुजलेली. मी काठावर उभी राहून फोनमधल्या मला बघतेय. माझ्या शेजारी तात्या उभे राहून स्वतःच्या पिंडाकडे बघतायत.

त्या दिवशी कावळा शिवला नाही. एक आला, खडकावर बसला, मान वाकडी करून बघत राहिला. दादाने हात जोडून सगळं सांगून पाहिलं. आईला सांभाळीन. दारचा आंबा तोडणार नाही. वैजूला मे महिन्यात घेऊन येतो. कावळा ढिम्म हलला नाही. दोन तास गेले, लोकांना उन्हाची भोवळ यायला लागली, शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. मेल्यावरसुद्धा हट्ट सोडला नाही, असं चुलते म्हणाले, आणि सगळे थोडे हसले. मी मात्र तीन महिने त्यावर जळतेय. कशात अडकला होता जीव? माझ्याशी बोलायचं राहिलं होतं का? मी फोन केला नाही म्हणून?

ते मी आता विचारते. हे विचारायलाच मी झोपले असेन.

"कावळा का नाही शिवला, तात्या?"

"तुम्ही मला आंब्याचं सांगत बसलात," ते म्हणतात. "माझी एक फेरी राहिली होती."

"कुठली फेरी?"

ते मानेनेच मागे खूण करतात. वळून बघते तर नदी नाही. आम्ही परत गाडीत आहोत. माझ्या गाडीत. काचांवर बाहेरून बर्फ चढलाय, आत राखाडी उजेड उरलाय. ऊब आहे. इतकी ऊब मला या देशात कधी लागलेली नाही. तात्यांना मी माफ केलंय, त्यांनी मला केलंय, आता काही नको. असंच पडून राहावं.

"काच खाली घे, वैजे."

"राहू दे ना."

"काच खाली घे."

"थंडी येईल, तात्या. बरं वाटतंय आत्ता."

ते माझ्याकडे वळतात. आयुष्यात या माणसाने माझ्यावर आवाज चढवला नाही. प्रवाशांवर नाही, आईवर नाही. फक्त डेपोत कुणी शटर लावून आत इंजिन चालू ठेवलं, की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. तो आवाज मी लहानपणी एकदाच ऐकलाय, भिंतीपलीकडून. तोच आवाज आता माझ्या तोंडासमोर आहे.

"इंजिन चालू आहे ना तुझं? मग धूर कुठं जातोय?"

"मागे. सायलेन्सरमधून."

"सायलेन्सर कुठाय?"

"मागेच, तात्या. बर्फात."

बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. बर्फात. गाडीची मागची बाजू पुरी चरात रुतलेली, सायलेन्सर बर्फात पुरलेला, सगळ्या काचा लावलेल्या, आणि मी आत बसून हीटरची ऊब खातेय. मी हात उचलायला जाते. हात उचलत नाही. हात मांडीखाली आहेत आणि कुणाचे तरी दुसऱ्याचेच आहेत. पोरीचं नाव घ्यायला जाते, तेही येत नाही. पाच वर्षांच्या माझ्या पोरीचं नाव मला आठवत नाही. अशी मी जन्मात भेदरलेली नाही.

तात्या माझ्याकडे बघत नाहीत आता. ते आपला तळहात आडवा धरतात आणि त्यांच्या बाजूच्या काचेला लावतात, घाट लागल्यावर लावायचे तसा.

उजव्या कानात सुरी घातल्यासारखी थंडी शिरते.

मी जागी आहे. डोक्यात घण पडतायत, तोंडात कडू पाणी. हात मांड्यांखालून ओढून काढते, दार खांद्याने ढकलते आणि तशीच बर्फात पडते, चारी पायांवर, आणि भडाभडा ओकते. मग श्वास घेते. छातीत काचा टोचल्यासारखा तो श्वास जातो, आणि मी परत घेते. स्वरदा, स्वरदा, स्वरदा, एवढंच म्हणतेय.

वर रस्त्यावर पिवळे दिवे थांबतात. बर्फ लोटणारी गाडी. तिच्यातून एक म्हातारा उतरतो, दाढीला बर्फाचे मणी लागलेत. मला बघतो, गाडी बघतो, आणि पहिल्यांदा काय करतो, तर आत हात घालून इंजिन बंद करतो. मग फावड्याने मागचा बर्फ ओढून सायलेन्सर उघडा करतो. त्याचा चेहरा उतरलेला मला दिसतो. त्याने विचारलं, किती वेळ बसली होतीस. मी म्हटलं, चाळीस मिनिटं असतील. मग त्याने समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं, की हा धूर दिसत नाही, याचा त्रास कळत नाही, नुसती झोप येते. इथे शाळेतल्या पोरांनाही हे ठाऊक असतं. मला कुठून असणार? आमच्याकडे धूर म्हणजे काळा, डोळ्यांत जाणारा, खोकला आणणारा. न दिसणारा धूर आमच्या गावीही नाही.

त्याने मला आपल्या गाडीत नेऊन बसवायचं ठरवलंय, हेमंतला त्यानेच फोन लावून दवाखान्यात या म्हणून सांगितलंय. मला हाताला धरून उभं करताना म्हणतो, ती काच उघडी ठेवलीस हे बरं केलंस. तेवढ्याने वाचलीस.

मी काच उघडी ठेवली नव्हती.

हेमंत म्हणेल, गुंगीत तुझाच हात बटणावर पडला असणार. सगळ्या काचांची बटणं माझ्याच बाजूला आहेत, हे मलाही कळतं, मी काही अडाणी नाही. पडला असेल हात. माझे हात मी मांड्यांखालून ओढून काढले, तेवढं मात्र मला आठवतंय.

म्हाताऱ्याला एक मिनिट म्हणते आणि गाडीला धरत धरत पलीकडे जाते. उजवी काच थोडी खाली आहे. तिच्या आत सीटवर ओंजळभर बर्फ साचलाय. मी तळहात आडवा धरते आणि बोटं त्या फटीत घालते.

माझी चार बोटं सहज जातात. वर जागा उरते.