चाकामागची जागा

दादा गेल्याचा निरोप मला महाडला शाळेत मिळाला, दुसरीचा वर्ग शिकवत असताना. त्याला आता दीड महिना झाला. भेटायला येणारे त्याच्या ड्रायव्हिंगचं कौतुक करतात. मला मात्र तो बसलेलाच आठवतो... पोलादपूरच्या स्टँडवर, उभ्या मोटारीत.

तेव्हा प्रवाशांनी भरल्याशिवाय गाडी सुटत नसे. कधी तास, कधी तीन तास. मालक म्हणत, "उभ्या गाडीत कसलं काम? ती विश्रांती." दादाने पाच ड्रायव्हर एकत्र केले, भांडला, आणि थांबण्याचा वेळही कामातच धरायचा असा करार करून घेतला. मालकांनी विचारलं, "तू थांबलास की घरी झोपलास, मला कसं कळणार?" दादाने ऐटीत ओळ घातली: गाडी उभी असताना चाकामागची जागा रिकामी नसावी. मालकांनी तिला शेपूट जोडलं: एकदा जरी रिकामी सापडली, तर पाचही जणांचा करार रद्द.

आमचं घर स्टँडसमोर, रस्ता ओलांडला की. त्या वर्षी आई अंथरुणाला खिळली. मी रजा घेऊन आले होते. दादा समोर दिसत असूनही येऊ शकत नव्हता, आणि आई सारखी त्याचंच नाव घेत होती. एका दुपारी मी जाऊन म्हटलं, "उतर. मी बसते."

मालकांचा स्टँडवरचा कारकून धावत आला. "ओ बाई, तुमी मोटार चालवणार काय?"

"चालवायची कुठे आहे? थांबायचंच आहे ना? ते मला येतं."

कापडे गावची एक म्हातारी मागच्या बाकावरून म्हणाली, "बस गो बाय! उभी गाडी कुनाला आपटत नाय."

कारकुनाने कराराचा कागद आठवून पाहिला; जागेवर कोणी बसायचं हे त्यात नव्हतंच. तो हरला. "बसा. पण गाडी भरली की भोंगा द्या, नायतर मला मालकाला सांगावं लागंल."

मी चाकामागे बसले, दादा आईकडे धावला. रोज तासन् तास न भरणारी गाडी त्या दिवशी दहा मिनिटांत भरली. कशेडीकडून वऱ्हाड आलं. मी भोंगा दाबला. दादा आला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "हात धरून होती. बोटं एकेक सोडवली..." आणि गाडी घेऊन गेला. परतला तेव्हा आई नव्हती.

करार टिकला. त्या भोंग्यावरून मला तो कधी काही बोलला नाही. तेराव्यानंतर मात्र त्याने रस्त्याकडच्या खिडकीवर फळ्या ठोकल्या.

परवा घर आवरायला गेले. उजेड यावा म्हणून हातोडी घेतली, तेवढ्यात बाहेर मोटारीने भोंगा दिला. बंद खोलीत तो जसाच्या तसा आला. फळ्यांनी भोंगा अडत नाही, हे दादाला पहिल्याच दिवशी कळलं असणार... तरी त्याने त्या काढल्या नव्हत्या. मी हातोडी खाली ठेवली आणि अंधारातच भांडी आवरली.