कपाळावर पिवळं पडलेलं कुंकू

आक्काचं लग्न जळवांनी मोडलं, तेही दोनदा.

आमचं गाव जांबोटीच्या पुढं, रानात. पाऊस असा की चुलीतली लाकडं धूर सोडून दुसरं काही करत नसत. शेत भाताचं, तेही उतारावरचं. श्रावण सरेपर्यंत कणगीचा तळ दिसायचा आणि पुढचे दिवस आंबिलीवर निघायचे. अशा गावची मुलगी बघायला पाहुणे येणार ते चालत, आणि त्यांची लावणी उरकल्यावर, म्हणजे ऐन पावसात! पहिल्या पाहुण्यांच्या पोटरीला जळू लागली. ते जेवले, पण गप्प गप्प जेवले. दुसऱ्या स्थळाच्या चुलत्यांना ती कुठं लागली हे त्यांनी सांगितलं नाही, पण शेवटपर्यंत ते बैठकीला बसले म्हणून नाहीत. (उभ्यानंच पोहे खाल्ले.) "पोरगी चांगली हाय, पर वाट लई वंगाळ," असा निरोप आला. आक्का हसली, आई रडली.

निपाणीकडचं तिसरं स्थळ आलं तेव्हा आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, ठरवलं, "सुपारी फोडायला वैशाखातच बोलवायचं. जळवा न्हाईत तवा. आता हे बी गेलं, तर आपली पोरगी घरातच ऱ्हायली म्हना."

मी तेव्हा बेळगावच्या कॉलेजातून नुकताच बी.एस्सी. होऊन आलो होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच! गाव ते विसरेल अशी वेळ मी कधी येऊ दिली नाही. रोज कुणाला ना कुणाला आठवण करून द्यायचो.

उन्हात चढ चढून येणाऱ्या पाहुण्यांना सरबत हवं. गावात लिंबू औषधाला नाही, म्हणून मी खडेबाजारातून लिंबूसताचे खडे आणले. ते खलबत्त्यात कुटले, पूड बरणीत भरली आणि उठलो, तोच आई कुंकवाचे वाळलेले गोळे घेऊन आली. कुंकू ती घरीच करायची. हळदीत चुना कालवला की तांबडं होतं. ते सावलीत वाळवायचं आणि कुटायचं.

"खल धुतलास का रं?"

"धुवायचा कशाला? तळाला जरासं लिंबूसत हाय. कोरडं."

"आंबट जाईल की रं कुंकवात!"

झालं! पदवीधराला आणखी काय हवं?

"आई, आम्ल कोरडं असलं की मेल्यागत पडून असतंय. पाण्यात पडलं की त्याच्यातला हायड्रोजनचा कण सुटतोय. पर एकट्यानं ऱ्हायाची छाती न्हाय त्याची. लगीच पाण्याच्या कणाच्या कडंवर जाऊन बसतोय. मग लग्नघरातल्या लेकरागत ह्या कडंवरनं त्या कडंवर! तीच पळापळ म्हंजे आंबटपना. आन् लेकरू कडंवर घेतलेल्या पाण्याला हायड्रोनियम म्हनत्यात."

आईनं कुंकवाचे गोळे खाली ठेवले.

"ते समदं खरं. खल कोन धुनार?"

"गरजच न्हाय! पाणी कुठाय हितं?"

आईनं त्याच खलात कुंकू कुटलं. (शास्त्र तंतोतंत बरोबर होतं. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.)

पाहुणे आले. मुलाचे वडील तात्या, तंबाखूच्या वखारीचे मालक, देहानंही वखारीएवढे. त्यांची बहीण, म्हणजे मुलाची आत्या. वखारीची मालकी तात्यांकडं, आणि तात्यांची मालकी आत्याकडं. नवरामुलगाही होता, पण त्याला कुणी काही विचारत नव्हतं. सगळ्यांना कुंकू लागलं, सरबत झालं. पाहुण्यांनी लिंबाची तारीफ केली, मी मान लववून ती स्वीकारली. आप्पांनी सुपारी हातात घेतली.

आणि तात्यांना घाम फुटला.

टोपीखालून एक धार निघाली आणि सरळ कुंकवात शिरली. तांबडं कुंकू कडेनं नारिंगी झालं, मग पिवळं. पाणी मिळालं होतं! माझ्या डोक्यात उजेड पडायच्या आधी तो तात्यांच्या कपाळावर पडला होता.

"अगं बया! तात्या, तुझं कुंकू पिवळं झालं की रं!" आत्या ओरडली.

"आन् तुझं काय तांबडं ऱ्हायलंय व्हय?"

आत्यानं कपाळाला बोट लावलं, बोट बघितलं आणि ताडकन उठली. "सवाशिनीचं कुंकू उतरलं! ह्या घरातली पोरगी करायची न्हाय. ऊठ तात्या!"

"आवं, बसा की, बसा की," आप्पा सुपारी घेऊन मागं मागं. दाराआडून आईनं माझ्याकडं बघितलं. बी.एस्सी.ला असा पेपर नव्हता.

मी दारात आडवा उभा राहिलो. "थांबा! ह्यो अपशकुन न्हाय, आम्ल हाय! घामात पाणी हाय, आन् पाण्याच्या कडंवर लेकरू..."

"लेकरू?" आत्या जागेवर थिजली. "लग्नाआधी कुनाचं लेकरू काढलंय ह्येनं?"

आप्पांनी डोळे मिटले. नवरामुलगा पहिल्यांदाच काहीतरी बोलणार असं वाटलं. तेवढ्यात आतनं आक्काचा आवाज आला, "बाळ्या, बोलू नगंस! करून दाव!"

तात्यांच्या पानाच्या चंचीतली चुन्याची डबी मी ओढली. बोटभर चुना घेतला आणि परवानगी न विचारता त्यांच्या कपाळाला फासला. पिवळं होतं ते बघता बघता तांबडंलाल झालं! चुन्यातल्या कणांनी ती फिरती लेकरं पकडून पुन्हा साधं पाणी करून टाकलं होतं, पण हे मी मनातच म्हटलं. लेकरू हा शब्द पुन्हा काढायची सोय राहिली नव्हती.

आत्या तात्यांच्या कपाळाकडं बघत राहिली. मग खाली बसली आणि तोंड पुढं केलं. "लाव."

सगळ्यांना लावला. चुना कपाळाला झोंबतो, हे मला शिकवलं होतं. पण ते आठवलं सगळी बैठक पदरानं आणि टोप्यांनी वारा घ्यायला लागल्यावर.

"म्हंजे कुंकवाला काय झालं न्हवतं?" आत्यानं डोळे पुसत विचारलं.

"न्हाय."

"मग कुनाला झालतं?"

दाराआडून आई म्हणाली, "आमच्या पोराला. कालिजात गेलतं."

तात्या हसायला लागले ते थांबेचनात. आप्पांच्या हातातली सुपारी त्यांनीच घेतली आणि फोडली. "पोरगी आमची. ह्यो तेवढा तुमच्याकडंच ठेवा!"

पाऊस यायच्या आत आक्काचं लग्न लागलं, ती निपाणीकडं नांदायला गेली आणि सुखानं नांदली. लग्नात घरच्या एकुलत्या एक बी.एस्सी.ला काम मिळालं ते पाहुण्यांच्या बैलांना पाणी पाजायचं. तिथंही आप्पा मधून मधून येत आणि घमेल्यातल्या पाण्याचा रंग बघून जात.