सुमाला शिकवलेलं समीकरण

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते विचारू नका. उद्या रविवार आहे आणि मला धडकी भरलीय.

सुमा माझी मामेबहीण. तिची आई गेल्यावर ती आमच्या जयनगरच्या घरी राहायला आली. माझ्याहून वर्षाने लहान, पण माझ्याहून हुशार — असं अण्णा, म्हणजे माझे वडील, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. माझ्यादेखत. जळफळाट व्हायचा माझा, सरळच सांगते.

आठवीत तिला कावीळ झाली, महिनाभर शाळा बुडाली. वर्गात नेमकी तेव्हाच समीकरणं झाली. अण्णा म्हणाले, तू शिकव तिला. मी तिच्या वहीत लिहिलं — २x + ४ = १०. चार पलीकडे नेला की त्याचं चिन्ह बदलतं, एवढंच तर सांगायचं होतं! मग २x = ६, आणि x = ३. मी काय लिहून दिलं? चार तसाच न्यायचा. २x = १४. x = ७. इतकं नीटनेटकं उत्तर — कुणाला शंका यावी? तरी तिने विचारलंच, अक्का, ताळा करून बघू का? मी म्हटलं, नको, परीक्षेत वेळ जातो.

ती नापास झाली. मग गणिताचं नाव काढलं तरी ती उठून निघून जायची. मी बघत होते — आणि गप्प होते. पुढच्या वर्षी तिने शाळाच सोडली. आज ती पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात खोकी भरते आणि हसून सांगते, मला डोकंच नाही गं.

गेल्या रविवारी ती लेकीला, मेघाला, माझ्याकडे शिकायला घेऊन आली. मेघा यंदा आठवीत. तिची वही उघडली. पलीकडे नेलेला प्रत्येक आकडा तसाच, चिन्ह न बदललेला. मी चूक दाखवली, तर म्हणाली, आईनेच असं शिकवलं.

अवरेकाईच्या शेंगा सोलणारा सुमाचा हात थांबला. “सरी, असू दे, माझ्याच लक्षात चुकीचं राहिलं असेल. नाही का, अक्का?”

मी हो म्हणाले. इतक्या वर्षांनी, पुन्हा!

निघताना दारात चपला घालत ती म्हणाली, “तू लिहून दिलेली वही मी अजून जपून ठेवलीय, अक्का. पुढच्या रविवारी आणते. मेघाला त्यातूनच शिकव.”