भुवया वर म्हणजे हो

१८ जून, गुरुवार. बारा हीटरची पॅकिंग लिस्ट करायची होती आणि मध्येच तीन वाजता व्हिडिओ कॉल होता.

हॅनोव्हरमधल्या एका छोट्या कारखान्यात मी निर्यातीचे कागद सांभाळते. बांधकामाच्या जागी शेड गरम ठेवणारे डिझेलचे मोठे हीटर आम्ही बनवतो. हे बारा कॅनडाच्या अगदी उत्तरेला जायचे होते. घेणारी कंपनी तिथल्या इनुइट लोकांच्या मालकीची. खाणीसाठी रस्ते करायचे, धावपट्टी ठीक ठेवायची, कामगारांच्या छावण्या उभारायच्या, ही त्यांची कामं. उन्हाळ्यात समुद्रातलं बर्फ हटलं की मालाचं जहाज तिथे एकदाच जातं. आमचा ट्रक शुक्रवारी दुपारी बाराला निघाला नाही, तर हीटर पुढच्या वर्षी.

त्यांची खरेदी बघणारी बाई माझ्याच वयाची. कॉलवर आमच्या जर्मन साहेबांनी तिला विचारलं, चालू-बंद करायची छोटी खुंटी काढून लांब दांडा बसवू का? उजव्या बाजूला? बाराही हीटरना? तिने तिन्ही वेळा फक्त भुवया उंचावल्या.

“आल्झो, म्हणजे तिला धक्काच बसलेला दिसतो,” कॉल संपल्यावर साहेब म्हणाले. “राहू देत दांडे.”

मलाही तसंच वाटलं. ‘बदल मान्य नाही, खुंट्या तशाच’ असं टिपण लिहून मी तिला पाठवून दिलं.

दहा मिनिटांत तिचा फोन.

“मान्य नाही असं कोण म्हणालं? मी तीनदा हो म्हटलं.”

“कधी?”

“भुवया वर म्हणजे हो. नाही म्हणायचं तर आम्ही नाक मुरडतो. मी मुरडलं का नाक?”

“नाही.”

“मग? उणे चाळीसमध्ये खुंटी फिरवायला हातमोजा काढावा लागतो. कोणी काढणार नाही. पान्याने फिरवतील, मोडतील, आणि हिवाळाभर माणसं गारठून काम करतील.”

तेवढं लेखी पाठवा म्हटलं. तिने लगेच पाठवलं. कागद घेऊन मी साहेबांकडे गेले.

“हो म्हणायचं तर तोंडाने म्हणावं ना!” ते वैतागले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “पण तिला तरी काय बोलू? तुम्ही मान हलवता ती हो म्हणून की नाही म्हणून, हे कळायला मला दोन वर्षं लागली.”

“मग विचारायचं होतंत.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” ते म्हणाले आणि सही केली.

टिपण माझं होतं, त्यामुळे निस्तरणंही माझ्याकडे आलं. दांडे कपाटात तयार होते, पण चार वाजून गेले होते. फोरमनला मी गाठलं तेव्हा तो सायकलचं कुलूप काढत होता.

“बारा? उद्या दुपारपर्यंत? माणसं दोनच आहेत.”

“सहाला या. जुन्या खुंट्या मी काढते.”

“तुम्ही?”

“चार स्क्रू तर आहेत.”

शुक्रवारी सकाळी सहाला मी वर्कशॉपमध्ये होते. येताना स्वयंपाकघरातले ओव्हनचे जाड हातमोजे पिशवीत टाकले होते. मी खुंट्या काढत गेले, ते दोघे मागून दांडे बसवत आले. साडेदहाला हातमोजे घालून मी एकेक दांडा फिरवून पाहिला. सातवा अडकला. तो पुन्हा बसवून घेतला, पॅकिंग लिस्टमध्ये खुंट्यांच्या जागी दांडे लिहिले आणि ट्रकवाल्याला कुठे सही करायची ते दाखवलं.