जुलै महिन्यातलं छप्पर

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मामाच्या घराची केस झाली. घर म्हणजे गोंदियातल्या भाड्याच्या दोन खोल्या. मामा राइस मिलमध्ये कामाला होता आणि माझ्या जन्माच्या आधीपासून तिथेच राहत होता. आमचं गाव गोरेगाव तालुक्यातलं. तिथून रोज कॉलेजला येणं जमत नव्हतं, म्हणून मी मामाकडे राहायचो. घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच.

आमच्या भागात मामा भाच्याच्या पाया पडतो. सणावाराला ते ठीक आहे, पण माझ्या मामाने त्या मानात माझं कॉलेजही मिसळून टाकलं. घरात कोणताही कागद आला, मग ते विजेचं बिल असो की लग्नपत्रिका, तो माझ्यासमोर ठेवायचा आणि मी म्हणेन ते खरं धरायचा. मला कागद वाचता येत होते, समजत मात्र फारसे नव्हते. हे त्याला सांगण्याचा धीर मला कधी झाला नाही.

केसच्या आदल्या मे महिन्यात घरमालक शेठजींनी छपरावरची कवेलू, म्हणजे कौलं, उतरवून पत्र्याच्या टिना टाकल्या होत्या. तीन माणसं आणि सहा दिवसांचं काम. मामीने त्यांना रोज दोनदा चहा दिला, त्यामुळे दिवस तिच्या पक्के लक्षात होते. मामा खूश होता. दर उन्हाळ्यात वर चढून कवेलू फेरायचं काम त्याच्याच गळ्यात पडायचं, ते सुटलं.

दिवाळी झाल्यावर शेठजींचा मुनीम दोन कागद घेऊन आला. पहिल्या कागदात छपराचा खर्च एक लाखाच्या वर दाखवला होता, आणि म्हणून भाडं दोनशेवरून सोळाशे. दुसरा होता अकरा महिन्यांचा करार. त्यावर सही केली तर भाडं नऊशेच. मुनीम म्हणाला, "शेठजी का दिल बड़ा है, इसलिए."

मामाने सवयीप्रमाणे दोन्ही कागद माझ्याकडे सरकवले. मी गंभीर चेहऱ्याने वाचले आणि म्हणालो, "मामा, दुसऱ्यावर सही करून टाका. सातशे वाचतात."

"भाचा म्हणते तं बरोबरच असन," म्हणत मामाने पेनाचं टोपण काढलं.

मामी चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने मान वर न करता मुनिमाला विचारलं, "अकरा महिन्यानं काय होईन?"

"बाद में देखेंगे," मुनीम म्हणाला.

"मंग आमी बी बादमेच पाहू," मामी म्हणाली, आणि मामाने टोपण परत लावलं.

कॉलेजातल्या एका सरांनी मला त्यांच्या ओळखीच्या वकिलांकडे पाठवलं. वकील वयस्कर होते आणि हळू बोलायचे. त्यांनी सांगितलं की घर गळू न देणं हे मालकाचंच काम आहे. नवी सोय भाडेकरूच्या संमतीने केली, तर त्या खर्चाचा काही भाग भाड्यात चढू शकतो, पण तो खर्च खरा असायला पाहिजे. मग त्यांनी अकरा महिन्यांच्या करारावर बोट ठेवलं.

"यावर सही केली की तुझे मामा भाडेकरू राहत नाहीत. कायद्याचं संरक्षण संपलं. अकरा महिन्यांनी शेठजी म्हणतील, निघा."

मामाला मीच सही करायला सांगितलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. घरी येऊन मामीला मात्र सांगितलं. ती म्हणाली, "मले काय कायदा समजते? त्याच्या तोंडावरून समजलं."

वकिलांनी योग्य भाडं ठरवून मिळावं म्हणून कोर्टात अर्ज केला. शेठजींच्या बाजूने खर्चाची बिलं आली. आमच्याकडे मामीच्या चहाच्या हिशेबाशिवाय काही नव्हतं, आणि वकील म्हणाले, नुसत्या चहावर किती भर द्यायचा?

जुलैत मी भाताच्या रोवण्यासाठी, म्हणजे लावणीसाठी, गावी गेलो. मजूर मिळत नव्हते. आई सकाळपासून घरोघर फिरली आणि दोन बाया घेऊन आली. शेवटी तिने मलाही बांधीत, भाताच्या खाचरात, उतरवलं. दुपारी बांधावर जेवायला बसलो तेव्हा वकिलांनी दिलेल्या बिलांच्या झेरॉक्स पहिल्यांदाच नीट वाचायला पिशवीतून काढल्या. मजुरीच्या बिलावर जवळच्याच मुर्री गावचे बारा मजूर होते, एकोणीस दिवस, आणि तारखा होत्या मागच्या वर्षीच्या जुलैच्या. मी चिखलाच्या हातांनी ते बिल तीनदा वाचलं. मग आईला विचारलं, मागच्या वर्षी या दिवसांत मजूर मिळाले होते का?

"कधी भेटतेत?" ती म्हणाली. "जेव चूपचाप."

वकिलांना सांगताना मी अडखळलो. एवढी साधी गोष्ट कोर्टात बोलायची असते का, हेच मला कळत नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं, बिल डोळ्यांजवळ नेलं आणि पहिल्यांदाच मला खुर्चीवर बस म्हणाले.

पुढच्या तारखेला मुनिमाची साक्ष होती. वकिलांनी त्याला शांतपणे विचारलं की मजूर कुठले? मुर्रीचे. बारा? बारा. जुलैतच? बिलात आहे तेच बरोबर. तेवढ्यात दाराशी उभा असलेला कोर्टाचा पट्टेवाला खोकायला लागला. तो खोकला नव्हता, हे सगळ्यांना कळलं. न्यायाधीश बाहेरच्या जिल्ह्यातून आलेले होते. त्यांनी विचारलं, काय झालं?

"माफी असावी साहेब," पट्टेवाला म्हणाला. "मी मुर्रीचाच. रोवण्याच्या दिवसात आमच्या गावात मजूर सोडा, आलेला जावई बी बांधीत असते."

न्यायाधीशांनी त्याला गप्प राहायला सांगितलं, पण ते स्वतःही हसू आवरत होते. मग त्यांनी मुनिमाला विचारलं, "भर पावसात एकोणीस दिवस छप्पर उघडं होतं. हे लोक तेव्हा कुठे राहत होते?"

मुनीम म्हणाला, "घर में ही, साहब."

मागच्या बाकावरून मामी पुटपुटली, "छत्री घेऊन."

त्यानंतर शेठजींचे वकीलच तडजोडीची भाषा बोलू लागले. अकरा महिन्यांचा करार मागे घ्यायचं ठरलं. भाड्याचा आकडा आला तेव्हा मामाने मला बाजूला घेतलं आणि विचारलं, थोडं वाढवून देऊ का, टिना तर चांगल्याच आहेत. मी म्हणालो, मामा, मला नका विचारू, वकिलांना विचारा. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "हे बरं केलं, भाचेबुवा." दोनशेचे दोनशे साठ झाले.

महिना भरल्यावर मुनीम पावती घेऊन आला. नाव मामाचं आणि पुढे शब्द भाडेकरू. मामाने ती या वेळी माझ्यापुढे न ठेवता स्वतःच वाचली, एकेक अक्षर जोडत, आणि ट्रंकेत ठेवली. मला थोडं चुकल्यासारखं वाटलं आणि बरंही वाटलं.

मी नोकरीला लागून दुसरीकडे गेलो, पण मामा-मामी अजून तिथेच आहेत. मे महिन्यात टिना इतक्या तापतात की मामी दुपारभर शेठजींच्या नावाने बोलत असते. मामा तिला म्हणतो, "मंग जातो का दुसरीकडं?"

"कायले?" ती म्हणते, आणि टिनेवर पाणी मारायला त्याला वर चढवते.